पुण्याला पाठवलेली मूठ

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हसू नका. ठसका लागला तर जबाबदारी माझी नाही. ही फजिती झाली ऐन पेरणीच्या तोंडावर, देऊळघाटच्या भर चौकात. आणि ती करणारा कोण? वीस वर्षं बुलढाण्याच्या शाळेत ‘भूत नसतं’ म्हणून शिकवणारा विज्ञानाचा मास्तर. म्हणजे मीच!

आमची वैशाली पुण्यात कॉफीचं दुकान काढत होती. त्या मशीनला एक दांडा असतो. त्यात कॉफीची पूड दाबायची, मशीनला अडकवून फिरवायचं, की खाली काळी कॉफी ठिबकते. त्या दांड्याची मूठ प्लास्टिकची. ती पार्सलनं पाठवून वैशाली फोनवर म्हणाली, “बाबा, एवढीच, पण लाकडाची पाहिजे. आईच्या मुसळाची.”

तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. शिसवीचं ते मुसळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसंच उभं होतं. मी त्याला हात लावला नव्हता. खालून चिरलेलं, मूठ निघालीच तर एकच निघणार. ती बिघडली, तर दुसरं मुसळ कुठून आणायचं?

मुसळ फडक्यात गुंडाळून मी देऊळघाटला उतरलो. तिथले लाकूड कातणारे खरादी करीमचाचा नावानं ठाऊक, घर माहीत नाही. समोर बियाण्याच्या दुकानापुढे बीटी कपाशीच्या पाकिटांसाठी ही लांब रांग. विचारायला याहून चांगली जागा कोणती? पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ मला शाळेचा मास्तर म्हणून ओळखत होते, त्यांनाच गाठलं.

“भाऊ, इथे मूठ करून देणारे कुठे राहतात?”

सरळ ‘हँडल’ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण शुद्ध मराठीची खोड!

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज उतरवला. “कोनावर टाकता?”

“टाकायची नाही, पाठवायची आहे. पुण्याला.”

“पुन्यापावतर जाते?”

“कुरिअरनं जाते की!”

“कोन हाये तिथं?”

“माझी मुलगी.”

अख्खी रांग वळली! पहिल्या नंबरचा माणूस नंबर सोडून मागे आला. बीटीच्या रांगेत नंबर सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

“पोटच्या पोरीवर, सर? काऊन पन?”

“अहो, तिनंच मागितली. आईच्याच वस्तूची पाहिजे म्हणाली. आई वारली ना तिची.” मी फडकं सोडून काळं मुसळ दाखवलं. एका आजीनं नातीला पदराखाली ओढलं.

“मंग थे पोरगी काय करीन त्याचं?”

“मशीनला लावणार. दाबून फिरवली की काळं पाणी ठिबकतं.”

“आन् थे पानी?”

“लोक पितात.”

“पेतात!”

“आवडीनं!”

टोपीवाल्यांनी टोपी काढून घाम पुसला. “सर, तुम्ही शिकेल मानूस. शोभते का हे?” मला वाटलं, खेड्यात कॉफीबद्दल राग असेल! मी म्हणालो, “बरं, निदान करीमचाचांचं घर तरी दाखवा.”

“चाचा बी त्याच्यात हाये काय बे?” मागून कोणीतरी ओरडलं. आणि निम्मी रांग माझ्यामागे निघाली.

चाचांच्या खरादापाशी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचली होती. चाचा पोट धरून हसत होते. “या सर! गावात बोंब झाली, मास्तर पोरीवर मूठ मारून राह्यले!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मूठ! जादूटोण्याची मूठ! मी दारातल्या गर्दीला समजावू लागलो, तर चाचा म्हणाले, “राहू द्या. जेवढं सांगसान तेवढं वाढते.”

मग त्यांनी मुसळ हातात घेतलं आणि त्यांचं हसू थांबलं. मापासाठी मी माझी मूठ पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून ते मुसळाच्या झिजेवरून अंगठा फिरवत राहिले. शाळेतला कुठला विद्यार्थी पुस्तक असं वाचत नाही.

“तुमचा हात कायले? माप याच्यातच हाये. बाईचा हात लहान होता. अन् कांडायच्या डाव्या हातानं.”

“नाही हो. ती लिहायची उजव्यानं, वाढायची उजव्यानं...”

“लोकाईसमोर, सर. मुसळ खोटं नाही बोलत.”

तिच्या हातचा ठेचा सत्तावीस वर्षं खाल्ला, आणि तो कुठल्या हातचा, हे मला खराद्यानं सांगावं!

लाईन गेलेली. चाचांनी खरादाला दोरी गुंडाळली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “पहिले चाडे बनवायचो, लाकडी वाट्या, पेरनीच्या तिफनीतून बी सोडाचे. बीटी आली, लोक एकेक दाना टोबून लावतात. चाडं कोन घेते? ओढा!” मी ओढत होतो, ते पटाशी लावत होते. वरचा काळा थर उडाला आणि आतून जांभळट, चकचकीत लाकूड उमललं. दोन वर्षं बंद असलेला मिरचीचा खकाणा नाकात गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! मिरचीमुळे. दुसरं काय?

“पाह्यलं?” दारातून टोपीवाले म्हणाले. “पस्तावा होऊन राह्यला.”

मूठ कुरिअरनं पुण्याला गेली. आठवड्यानं मुसळाचा उरलेला तुकडा आणायला मी पुन्हा देऊळघाटच्या गाडीत बसलो. गच्च भरलेली. मला दोघांच्या मधली जागा, खिडकीशी तेच टोपीवाले. वैशालीचा फोन आला. मला जरा कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला.

“बाबा, मूठ लागली! पहिलंच गिऱ्हाईक प्यायलं आणि खुर्चीतून उठेचना!”

गाडीतली बोलणी थांबली.

“आणि माझ्या डाव्या हातात इतकी नेमकी कशी बसली? मी डावखुरी, हे त्या चाचांना कोणी सांगितलं?”

आता या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. मी ते दिलं.

“तुझ्या आईनं.”

टोपीवाले उठले. शेजारचा उठला. पुढच्या बाकावरचेही उठले. त्या दिवसापासून देऊळघाटच्या गाडीत कितीही गर्दी असो, भूत नाकारणाऱ्या या मास्तराला खिडकीची जागा मिळते. आणि शेजारची कोणी घेत नाही. ती तिच्यासाठी सोडतात.