एकाच पाण्याने दोनदा भरलेली टाकी

चिपळूणहून निघताना पत्नीने माझ्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली ठेवली होती. ओझे नको म्हणून मी ती काढून ठेवली. पावसाच्या मुलखातील माणूस पाण्याला ओझे समजतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

हा प्रवास हौसेचा नव्हता. सरकारी इमारतींच्या देखभाल खात्यात मी सहाय्यक म्हणून आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे. नळ, मोऱ्या, गच्च्या, विजेच्या तारा यांची निगा राखणे हे आमचे काम. कनिष्ठ अभियंता व्हायचे तर आमच्याकडे लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक द्यावे लागते. परक्या जिल्ह्यातील एक इमारत वाट्याला येते, तिथले नेमून दिलेले काम पुरे करायचे आणि परीक्षकाने येऊन ते तपासायचे. लेखी परीक्षा मी उशिरा का होईना, उत्तीर्ण झालो होतो. परंतु वयाच्या अटीमुळे प्रात्यक्षिकाची ही माझी पहिली आणि शेवटची संधी होती. वाट्याला आली ती धारूरजवळच्या एका गावातील वसतिगृहाची गळकी टाकी.

नगर मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग हळूहळू कमी होत गेला. वाटेत एक सहकारी साखर कारखाना लागला. ऐन हंगामात त्याचे धुराडे थंड होते आणि फाटकाशी एक रखवालदार खुर्चीवर डुलकी घेत होता. बीडला गाडी बदलली. वडवणीला बाजाराचा दिवस होता. चिंचा, लाल मिरच्या, मातीचे रांजण आणि बैलांच्या गळ्यातले घुंगूर एकाच रांगेत मांडलेले पाहून मी खाली उतरू लागलो, तसा वाहक म्हणाला, "पावनं, उतरताव तर पानी भरून घ्या. म्होरं घाटात मागायची सोय न्हाई."

"धारूरला मिळणार नाही का?"

"मिळंल की. पर देनाऱ्याचं तोंड बघावं लागंल."

सगळी गाडी हसली. मी मुकाट्याने बाटली विकत घेतली.

धारूरकडे जाताना बालाघाटचे डोंगर जवळ येतात. फाल्गुन होता. उघड्याबोडक्या उतारांवर पळस फुलला होता आणि त्या केशरी रंगाखाली गवताची एक काडीही ओली नव्हती. दूर किल्ल्याची तटबंदी दिसली. तलाव म्हणून ज्याच्याकडे सहप्रवाशाने बोट दाखवले, त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यात पोरांनी क्रिकेटच्या यष्ट्या रोवल्या होत्या.

वसतिगृह गावाच्या वरच्या अंगाला आहे. दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबे ऊस तोडायला परजिल्ह्यांत जातात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामापुरते ते चालते. ते चालवणाऱ्या कमलबाई माझ्याच वयाच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. पूर्वी त्याही कोयता (ऊसतोडीला जाणारे नवराबायकोचे जोडपे, हिशेबात ते दोघे मिळून एक कोयता) म्हणून जात. यजमान गेल्यावर त्या मुलांपाशी राहिल्या.

त्यांनी मला तांब्याभर पाणी दिले. मी थोडे प्यालो आणि उरलेले, आमच्याकडच्या सवयीने, अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतले. कमलबाईंनी तांब्या उचलून आत नेला. दुसऱ्यांदा पाणी आले ते तांब्यातून नव्हे, छोट्या पेल्यातून.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचे व मसाल्याचे पीठ घालून केलेली आमटी) होती. इतकी खमंग आमटी मी क्वचितच खाल्ली असेन. तिसऱ्यांदा वाढताना त्या म्हणाल्या, "सायेब, येसर लागंल तेवडं घ्या. त्याला कोन नगं म्हनतंय? पानी तेवडं बगून प्या."

टाकी जमिनीवरची, सिमेंटची, मधल्या भिंतीने दोन कप्प्यांत विभागलेली. आतला गिलावा जागोजाग सुटला होता. गावातल्या गवंड्याला हाताशी घेऊन मी तो खरवडला, भेगा भरल्या, नवा गिलावा केला. नव्या सिमेंटला काही दिवस ओलावा द्यावा लागतो. आम्ही भिंतींना पोती लावली आणि ती वाटी-वाटीने भिजवत राहिलो. या दिवसांत मला मनापासून समाधान वाटत होते. आपण इथल्या लोकांसाठी काही नीट करत आहोत, असे मी स्वतःला सांगत होतो. आज तपासून पाहतो तेव्हा दिसते की त्या समाधानात लोक थोडे होते आणि मी फार होतो.

गावात पाणी येई ते दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या विहिरीवरून, टँकरने. वसतिगृहाची पाळी आली त्या दिवशी रफिकभाई टँकर घेऊन आले आणि टाकीचा एक कप्पा भरून दिला. नव्या गिलाव्यावरचे पहिले पाणी सिमेंटच्या वासाचे असते. ते सोडून द्यायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता. मी पाणी काही वेळ राहू दिले, भिंती झाडूने घासल्या आणि तळाचा व्हॉल्व्ह उघडला.

पाणी जाडजूड धारेने उतारावरून गावात धावले.

प्रथम एक म्हातारी ओरडली. मग कमलबाई स्वयंपाकघरातून हातात उलथने घेऊन बाहेर आल्या. "अवो काय केलं! कावून (का म्हणून) सोडलं?" मी शिरस्ता सांगू लागलो, तोवर बायका घागरी, बादल्या, परातीसुद्धा घेऊन धावल्या होत्या. मी व्हॉल्व्ह बंद करायला वळलो, तो कळले की कप्प्यात आता बंद करण्याजोगे काही उरलेच नव्हते. दोन म्हशी रस्त्यातल्या खळग्याशी तोंड लावून उभ्या होत्या. त्यांना हाकलण्याचे कोणाच्याही मनात आले नाही.

"कोकनातून आले म्हनं," एक बाई पदर पिळत म्हणाली. "ढग बांधून आनलेत जनू संगं."

रफिकभाईंनी टँकरच्या दारातून मान बाहेर काढली. "इंजिनेर सायेब, टाकी गळत होती तवा रिकामी व्हायला रात जायची. तुमी तर घटकंत मोकळी केली. तरक्कीच म्हनायची!"

लोक हसले. त्या हसण्यात राग होता, पण मला वाचवण्याचाही एक भाग होता. पाणी जनावरांना, भांड्यांना, शेणकाल्याला चालले असते. विचारले असते तर कोणीही सांगितले असते. मी विचारले नव्हते.

अडचण आता माझी होती. दोन दिवसांनी परीक्षक येणार होते. तपासणी अशी की टाकी काठोकाठ भरायची, रात्रभर ठेवायची आणि पातळी उतरली नाही हे दाखवायचे. त्यासाठी दोन टँकर हवे होते आणि त्या आधी वसतिगृहाची पाळी एकच होती. मी दूध संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सारे आबा म्हणतात. ओट्यावर बसवून त्यांनी मला खरवस खाऊ घातला आणि नकार दिला.

"तुमची परीक्षा हाय, मला समजतंय. पर मशीला काय सांगू? सायेब पास व्हायलेत, आजच्या दिस तहान मार?"

"नाही आबा. तुमचे बरोबर आहे."

"बरुबर हाय म्हनून तर लई वाईट वाटायलंय. आनखी खरवस घ्या."

परतल्यावर कमलबाईंनी एक तोड सुचवली: घरटी एक घागर मागायची, परीक्षेपुरते टाकीत ओतायचे आणि परीक्षक गेले की ज्याचे त्याने घेऊन जायचे. बायकांनी होकारही दिला होता. सकाळी ज्यांच्या पाण्याची मी वासलात लावली, त्याच बायकांनी. मी नको म्हणालो. एक रात्र घरे कोरडी ठेवून मिळणारी नोकरी मला पुढे नीट करता आली नसती.

"मग नापास व्हताव का?"

"बहुधा."

"लई सोपं हाय तुमचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मुलांच्या आंघोळी चालल्या होत्या. इथे दुष्काळात बाजेवर (सुंभाने विणलेल्या खाटेवर) बसून आंघोळ करतात. खाली घमेले असते. अंगावरून निथळलेले पाणी त्यात जमते, मग त्यात कपडे धुतात आणि शेवटी ते अंगणात सड्याला जाते. हे मी आल्या दिवसापासून पाहत होतो आणि कौतुकाने वहीत टिपतही होतो. त्या सकाळी मात्र ते दृश्य मला माझ्या टाकीबद्दल काही सांगू लागले. दोन कप्पे एकाच वेळी भरण्याची गरजच काय? आज आलेले पाणी एका कप्प्यात भरायचे, रात्रभर ठेवायचे, मग तेच मधल्या नळीने आणि उरलेले हातपंपाने दुसऱ्यात घ्यायचे. यापुढे एक थेंबही बाहेर पडणार नव्हता.

रफिकभाईंना तसे सांगितले. टँकर रिकामा करून ते टाकीच्या काठावर चढले, आत डोकावले आणि खाली व्हॉल्व्हला सुतळीच्या चार गाठी मारून आले. "तुमच्यावर भरोसा हाय, सायेब. तुमच्या सवयीवर न्हाई."

परीक्षक सकाळच्या उन्हात आले. शांत, काटेकोर गृहस्थ. पहिल्या कप्प्याची पातळी खुणेवर होती. दुसरा कोरडा पाहून त्यांनी कारण विचारले. मी तांत्रिक उत्तर दिले, आणि ते खरेच होते: दोन्ही कप्पे भरले की मधल्या भिंतीवर दोन्हीकडून सारखा दाब येतो आणि तिची गळती लपून राहते; एकच भरला की ती कोरड्या बाजूने दिसते.

"उत्तम. ही जास्त कडक तपासणी झाली. नियोजनाला वेगळे गुण असतात. हे तुम्ही आधीपासून ठरवले होते?"

मी उत्तर देण्याआधीच कमलबाई पुढे झाल्या. "व्हय तर! सायबानं आल्या दिवशीच ठरवलतं. आमाला समद्यांला सांगितलतं."

मागे उभ्या बायकांनी माना डोलावल्या. रफिकभाईंनीही डोलावली. सगळे गाव माझ्यासाठी खोटे बोलायला उभे होते. गप्प राहणे पुरेसे होते आणि मला मोहही झाला.

मग म्हणालो, "नाही साहेब. पहिले टँकरभर पाणी मी कोणाला न विचारता सोडून दिले. ते भरून काढायला जादा टँकर मिळाला नाही, म्हणून हे सुचले. भिंतीचे कारण नंतर ध्यानात आले."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग नियोजनाचे गुण मला देता येणार नाहीत."

"होय साहेब."

दुसऱ्या कप्प्याची तपासणी उद्यावर ठेवून ते धारूरच्या विश्रामगृहावर मुक्कामाला गेले. दिवस मावळेपर्यंत आम्ही पाणी दुसऱ्या कप्प्यात घेतले. अखेर पंपाचा दांडा माझ्या हातून घेत कमलबाई म्हणाल्या, "माळकरी बाई हाय मी. तुमच्यापायी तोंड विटाळलं, अन् तुमी ते वाया घातलं. पान्यावानीच."

"चुकलो," मी म्हणालो.

"चुकले न्हाई. पर आदी सांगायचं तरी. मी गप बसले असते."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पातळी पाहिली, भिंतीवरून उलटा हात फिरवला, कागदावर काही लिहिले आणि निकाल टपालाने येईल म्हणाले. मी निघालो तेव्हा कमलबाईंनी येसराच्या पिठाची पुडी दिली. आबांनी धारूरच्या थांब्यावर खरवसाचा डबा पोचता केला. मी इतक्या मायेला पात्र होतो का, हा प्रश्न घाट उतरेपर्यंत मनात राहिला. उत्तर सोयीचे नव्हते, म्हणून तो मी सोडून दिला नाही.

चिपळूणला आल्यावर बऱ्याच दिवसांनी निकाल आला. नियोजनाच्या रकान्यात शून्य होते. बाकीच्या गुणांवर मी जेमतेम उत्तीर्ण झालो होतो. पत्नीने देवापुढे साखर ठेवली आणि मी पहिला फोन कमलबाईंना लावला.

"पास झालो."

"झाले का!" त्या मागे वळून कोणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आल्या. पुष्कळ आवाजांचा गलका झाला.

"टाकी गळत नाही ना?" मी विचारले.

"कशाची गळती? पानी कुटं हाय? टँकर आठवडा झाला आला न्हाई. इहीर आटली." मग ठणकावून नव्हे, घरच्या माणसाला विचारावे तसे त्या म्हणाल्या, "आता तुमी सायेब झालाव ना? मग सांगा, पानी कोनाला मागायचं?"

मला माहीत नव्हते आणि मी तसेच सांगितले. विचारून कळवतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रुजू होण्यासाठी कार्यालयात गेलो, तेव्हा सगळे अभिनंदन करत होते. पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून मी आधी पाण्याचे विचारायला साहेबांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.