ओली बाळंतीण

मला दवाखान्यातून घरी आणलं, तोवर आईने सगळं लपवून ठेवलं होतं. दुपटी, टोपडी, लंगोट कुठल्या तरी गाठोड्यात गेले होते. बाजेखाली ठेवायची शेगडी माळ्यावर गेली होती. आणि डिंकाच्या लाडवांचा डबा गेला होता शेजारी. डिंकाचे लाडू मला लहानपणापासून आवडत नाहीत, पण ते शेजारची पोरं खातायत हे कळलं तेव्हा असा राग आला की सांगायची सोय नाही. माझे लाडू होते ते.

नववा लागल्यावर मुलगी पोटातच गेली. कोणाची चूक नव्हती, डॉक्टरबाईंनी मला आणि नवऱ्याला बसवून नीट समजावलं. मुरबाडच्या दवाखान्यात मी तिला जन्म दिला तो बाकीच्या बायका देतात तसाच, कळा देऊन, ओरडून. मग नवरा खर्डीला आमच्या घरी गेला, कारण कामावर किती दिवस दांडी मारणार. मी टोकावड्याच्या पुढे आमच्या गावात, माहेरीच राहिले. बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलंच होतं, फक्त आता त्याला बाळंतपण कोणी म्हणत नव्हतं.

"काय झालंच नाय असं समज," आई सारखी सांगायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला वाटायचं, वस्तू दिसल्या नाहीत, शब्द कानावर पडला नाही, की पोरगी लवकर उठेल. बायका विचारायला आल्या की ती ओट्यावरूनच सांगायची, "तिला बरं नाय." मी आत भिंतीकडे तोंड करून ऐकायची आणि चिडायची. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. माझी कंबर धरली होती, टाके ओढत होते, पाय सुजून चपलेत जात नव्हते. आणि चोळी भिजत होती. काही झालं नाही हे दुधाला कोणी सांगितलं नव्हतं.

अशात एक दिवस सकाळच्या एष्टीने काकी आली. काकी म्हणजे वडिलांच्या चुलत भावाची बायको. आमच्यासारखीच शेतीवाडी करणारी, पण गावात कोणी बाळंत झाली की मालिश तिचीच. हात जड आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. माझ्यासाठी तिला दोन महिने आधीच सांगून ठेवलं होतं. मधल्या दिवसांत ती लेकीच्या गावी गेलेली, त्यामुळे तिला नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं.

आई ओट्यावर वाट अडवून उभी राहिली. "तुला कोनी सांगितलं नाय का गो?"

"एष्टीतच समजलं," काकी म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? पानी तापत ठेव."

"अगो, लोकं काय म्हनतील?" आईचा आवाज खाली गेला. "पोर नाय नि बाळंतिणीचे लाड चाललेत."

"पोर नाय ते मला ठाव हाय, बाय. पन ही बाळंत झाली ना? ओली बाळंतीण हाय ती. पोर गेलं म्हनून हिचं अंग सुकलं काय?"

इतक्या दिवसांत माझ्यासाठी तो शब्द कोणीतरी पहिल्यांदाच वापरला. ओली बाळंतीण. आमच्याकडे कुठल्याही घरात तो ऐकू येतो. ओली बाळंतीण आहे, तिला वारा लागू देऊ नका, ओली बाळंतीण आहे, तिच्याशी भांडू नका. मी उठून बसले. मला वाटलं, आता आईने हिला परत पाठवलं तर मी आयुष्यभर आईशी बोलणार नाही. आईने तोंड फुगवलं, पण हंडा चुलीवर ठेवला.

काकीचं सगळंच बरोबर असतं असं नाही, ते आधीच सांगते. केस विंचरलेस तर डोळे जातील, मोबाईल पाहिलास तर कान जातील, अशा तिच्या शंभर गोष्टी. ते मी एका कानाने ऐकायची आणि मोबाईल उशीखाली ठेवायची. पोट दाबून जागेवर बसवते म्हणाली, तेव्हा मी डॉक्टरबाईंनी बजावलेलं तिला सांगितलं की पोटावर जोर द्यायचा नाही. त्यावर ती पाच मिनिटं डॉक्टरांवर घसरली आणि मग पोटाला नुसता तेलाचा हात फिरवला. छातीला मात्र तिने स्वतःच हात लावला नाही. "इथं चोळलं की आनखी येतं," म्हणाली आणि गार पाण्यात पिळलेल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या.

बाकी अंगाला तिने काही सोडलं नाही. ओवा घालून कढवलेलं तीळतेल, कोमट. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मांड्या, वर कमरेपर्यंत. कमरेच्या खड्ड्यात तिने दोन्ही अंगठे रोवले आणि मी आई गं म्हणून ओरडले. "वरड," ती म्हणाली. "सगल्याच वरडतात." त्या सगळ्यांमध्ये तिने मलाही धरलं होतं, ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग मोरीत नेऊन कढत पाण्याने शेकून काढलं, कोरडं केलं, आईचं जुनं लुगडं पोटाला बांधलं आणि झोप म्हणाली. मी दुपारपर्यंत झोपले. त्याआधी डोळा लागला की दचकून जाग यायची, हात पोटाकडे जायचा.

मग ती रोज यायला लागली. हळूहळू पायांची सूज उतरली. ताठ उभं राहता येऊ लागलं. मागच्या दारी बसून समोर सिद्धगडाकडे बघत चहा प्यायला लागले, चहाची चव कळायला लागली. मालिश करताना काकी गावभरच्या कुचाळक्या सांगायची. कोणाच्या शेळीने कोणाची वांगी खाल्ली, कोणाची सून माळशेज घाटातल्या फोटोंपायी सासूशी भांडली. मी हसायची. आपण हसतोय हे कळलं की लाजही वाटायची, आणि काकी माझ्या ढुंगणावर चापट मारून म्हणायची, "हास की गो, हसायला काय झालं."

एका सकाळी पाठ चोळता चोळता तिने विचारलं, "कोनासारकी व्हती?"

स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

काकीने काही फार विचार करून विचारलं नसावं. ती प्रत्येक बाळंतिणीला हेच विचारते, नाक कोणाचं, रंग कोणाचा. पण मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. नवराही नाही, कारण तोही माझ्यासारखाच गप्प. मी उशीत तोंड खुपसूनच सांगितलं. नाक आमच्याकडचं, बसकं. कान त्यांच्याकडचे. बोटं लांब लांब. जावळ एवढं दाट की नर्सबाईसुद्धा बोलल्या. नखं वाढलेली होती.

"म्हंजे पुऱ्या दिवसांची," काकी म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

मी रडायला लागले. दवाखान्यात रडले होते ते वेगळं, ते नुसतं अंग हादरणं होतं. हे रडणं माझ्या मुलीसाठी होतं. मग पायाशी कोणीतरी बसलं. आई होती. तिने वाटीतलं तेल हातावर घेतलं आणि माझा एक पाय मांडीवर ओढला. तिने दवाखान्यात नातीचं तोंड बघितलं नव्हतं, बघवणार नाही म्हणाली होती. आता तिने विचारलं, "जावळ काळंभोर का?" मी हो म्हटलं. त्यानंतर सव्वा महिना होईपर्यंत डावा पाय आईचा आणि बाकी मी काकीची, असं ठरूनच गेलं.

मी बरी होऊन खर्डीला परतले. अंगात ताकद आली होती, गुडघे दुखत नव्हते, पॅकिंगच्या कामावर दिवसभर उभी राहू शकत होते. पण घराबाहेर आई तशीच राहिली. लग्नात, हळदीला कोणी विचारलं, लेकीला मुलंबाळं काय, की माझ्या आधी ती बोलायची, "अजून काय नाय." मला ते प्रत्येक वेळी लागायचं. घरात जिचं जावळ विचारलं ती चार लोकांत नाही, हे कसलं? मी एकदा भांडलेही. ती म्हणाली, "लोकांना कशाला?" आणि विषय तिथेच राहिला.

पुढे काही वर्षांनी मला परत दिवस गेले. या खेपेला आईच आमच्याकडे येऊन राहिली, आणि शहापूरला तपासणीला मला घेऊन गेली. बाकावर गर्दी होती. दोन बायका तर ओळखीच्याच, माझ्या माहेरच्या गावात दिलेल्या. नर्सबाईंनी माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "पहिलटकरीण का?"

मी आईकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या सवयीने आता ती काय बोलणार ते मला माहीत होतं, आणि मी मान खाली घातली.

"नाय," आई म्हणाली. "दुसरं बाळंतपन. पयली मुलगी."

"मग ती कुठेय, घरी ठेवलीत का?"

सगळं बाक ऐकत होतं. आईने माझा हात धरला आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं, "नाय, ती गेली. पन झाली व्हती ती."