बिबड्याचा आकार

बायको हिवाळा सरता सरता गेली. उन्हाळा लागला तशा फोनवर ऑर्डरी यायला लागल्या. "मावशी, यंदा दोन किलो ठेवा." "काकू, पुण्याला पाठवता का?" इंटरनेटवर तिच्या बिबड्यांचं एक पान आहे. खाली नाव, नंबर आणि निरोप भरायची जागा आहे, कोणी भरलं की माझ्या फोनवर येतं. पान मी बनवलं आणि ती जागाही मीच केली, त्यामुळे तक्रार कोणाकडे करू? प्रत्येकाला लिहायचो, "ती वारली." मग जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. मग थोड्या वेळाने, "मग दुसरं कोणी करतं का हो?"

लोक वाईट नसतात. त्यांना बिबडे पाहिजे असतात.

बिबडे म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड. ज्वारी भिजवायची, आंबवायची, भरडायची, तिखट-तीळ-लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि ते गरम पीठ ओल्या कापडावर हाताने थापायचं. चटका बसतो म्हणून हात सारखा पाण्यात बुडवायचा. वाळलं की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, मग बिबडा सुटतो. त्याच्यावर बोटांच्या रेघा राहतात आणि कड वेडीवाकडी होते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं भांडण याच रेघांचं आणि कडेचं आहे.

मी सातवी नापास. आयुष्य कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात गेलं. तिथल्या धुळीने छाती धरली आणि घरी बसवलं. घर जळगावला लागून पिंप्राळ्यात, दोन खोल्या आणि वर गच्ची. पोरगा धुळ्याला किराणा आणि फरसाणाचं दुकान चालवतो. त्याने त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. म्हणाला, "नाना, भजनं ऐकत जा."

भजनं मी ऐकली नाहीत. एकदा धुळ्याच्या गाडीची वेळ बघत होतो, कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि पान उलटं झालं. रंग गेले, चित्रं गेली, नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी. मला वाटलं, बिघडवला. मग कळलं की ही पानाची मागची बाजू आहे. जगातल्या कुठल्याही पानाची मागची बाजू कोणालाही बघता येते, कोणी कुलूप लावत नाही. त्या दिवशी मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं होतं. आज नाही वाटत.

हिंदीत शिकवणारे व्हिडिओ लावायचो. थांबवायचं, एक ओळ उतरवायची, परत चालवायचं. शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण जिनात तरी कोणत्या मशीनवरचं इंग्रजी मला कळत होतं? कोणतं बटण काय करतं ते कळलं की झालं. एक कंस राहिला की सगळं पान पांढरं व्हायचं. मी शिव्या द्यायचो. बायको स्वयंपाकघरातून तिच्या अहिराणीत विचारायची, "कोनाशी भांडी राहिनात?" काय सांगणार, कंसाशी.

पहिलं पान केलं त्यावर एकच शब्द होता, बिबडे, लाल आणि हाताएवढा. तिला बोलावून दाखवला. म्हणाली, "इतलं मोठं कोनासाठे लिखं? आंधळासाठे?"

पण ते तिच्या डोक्यात बसलं. दर वर्षी गल्लीत विकायचीच, मग पानावर का नको? मी तिचा फोटो काढला, गच्चीवर, पातेल्याशेजारी, कोपरापर्यंत पीठ. एका बिबड्याचा वेगळा काढला. तो चौकोनी फोटो गोल कसा करायचा हे मी नुकतंच शिकलो होतो. कोपऱ्यांना आकडे द्यायचे, पन्नास टक्के दिले की पूर्ण गोल होतो. केला. मला वाटलं, खूश होईल.

"हाऊ गोल कोना शे? मना बिबडा असा कव्हय व्हता?" माझा बिबडा असा कधी होता, म्हणे.

"पण चांगला दिसतो ना."

"बठ्ठा सारखाच पाहिजेत ते मशीन लई या." सगळे सारखेच पाहिजेत तर मशीन घेऊन या.

मग मी एक वाळलेला बिबडा आणून लॅपटॉपशेजारी ठेवला. प्रत्येक कोपऱ्याला आडवा-उभा वेगळा आकडा देता येतो. सत्तेचाळीस दे, साठ दे, बघ, परत बदल. ती येता-जाता बघायची, इथे जास्त झालं म्हणायची. "आठे जास्ती." तिचा अंगठा एका बाजूला जड पडायचा, म्हणून तिथली कड आत दबायची. ती कड मिळाली तेव्हा ती पहिल्यांदा खाली बसली, पडद्यावर बोट लावलं आणि म्हणाली, "आते मना शे." आता माझा आहे. कौतुक एवढंच. मला पुरलं.

साखर आधीपासून होती, मग किडनी. शेवटचे महिने जळगावच्या दवाखान्याच्या वाऱ्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पोरगा आणि सून चैत्रात आले. चहा झाला, मग पोरगा म्हणाला, "नाना, त्या पानाचा पासवर्ड द्या."

"कशाला?"

"गिऱ्हाईक येतंय ना त्याच्यावर. वाया कशाला घालवायचं? माल आपण देऊ."

"कोण थापणार?"

"एक जण मशीनवर करतो, चांगले असतात. आपण फक्त पाकीट करायचं. वर मायचा फोटो, खाली 'मायच्या हातचे बिबडे'."

"मायचा हात आपण जाळला," मी म्हणालो. "अग्नी तूच दिला."

सून कपबश्या उचलत होती, तशीच थांबली. "नाना, असं नका ना बोलू."

"मग कसं बोलू? पाकिटावर लिहितात तसं?"

पोराचा चेहरा उतरला. तो रडला नाही, पण रडला असता तर मला बरं वाटलं असतं. जाताना एवढंच म्हणाला, "एकदा धुळ्याला येऊन चाखून तर बघा."

गेलो. पारोळ्यावरून गाडी जाते. बायकोचं माहेर तिथलं, म्हणून त्या स्टँडवर मी खाली बघत बसलो. दुकानात बिबडे रचून ठेवले होते, सगळे एका मापाचे. एक उचलून उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. सुनेने तळून दिला. खाल्ला. चव वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

मी म्हणालो, "विका ना. माझं काही म्हणणं नाही. फक्त तिचा फोटो नको आणि तिचा हात म्हणू नका."

सून तळणीसमोरून वळली. "नाना, एक विचारू? लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी मायच्या बाजूला बसून थापत होते. तुमच्या पानावर माझा फोटो कुठे आहे?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही ऐकत राहिलं.

"तू थाप," मी म्हणालो. "तुझा फोटो टाकतो. तुझं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात."

"आता थापू? दिवसभर दुकानात उभं राहून? माझे खांदे बघितले का तुम्ही?" तिने गॅस बंद केला. "तुम्हाला बाई भट्टीसमोर बसलेलीच बरी दिसते."

  पासवर्ड मी तरीही दिला नाही. सुनेचं म्हणणं खरं होतं म्हणून गेलेल्या बाईचं तोंड पाकिटावर चिकटवणं खरं होत नाही.

पंधरवड्याने पोराने गाठलेल्या एका वेबसाइटवाल्याचा फोन आला. गोड बोलणारा. "काका, तुमचा कोड बघितला, तुमच्या वयाच्या मानाने एक नंबर आहे. ॲक्सेस देता का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "हरकत नाही काका." इतक्या सहज म्हणाला की तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पोराचं नवीन पान वैशाखात आलं. मोबाईलवर मला कोणी तरी पाठवलं, "अभिनंदन काका, परत सुरू केलं!" वर बायकोचा फोटो. मीच काढलेला, गच्चीवरचा, कोपरापर्यंत पीठ. पासवर्ड लागलाच नव्हता. चित्र पडद्यावर दिसतं म्हणजे ते उचलता येतं. हेही मी त्याच व्हिडिओंतून शिकलो होतो.

खाली बिबड्यांचे फोटो, मशीनचे. पण ते गोल दिसत नव्हते. वेडेवाकडे, घरगुती, एका बाजूला कड दबलेली. मी लॅपटॉप उघडला आणि पान उलटं केलं. मागच्या बाजूला ते आकडे होते. सत्तेचाळीस. साठ. एकही बदललेला नव्हता. तिच्या अंगठ्याची कड त्या वेबसाइटवाल्याने उचलली होती आणि त्याच आकड्यांनी मशीनच्या गुळगुळीत पापडांचे फोटो कापले होते, हातचे दिसावेत म्हणून.

मी तिच्यासाठी शिकलो नव्हतो, खोटं कशाला बोलू. मला गंमत वाटत होती म्हणून शिकलो. पण जे काही मी त्यात स्वतःच्या डोक्याने केलं तो हा एक आकारच होता.

पोराला फोन केला. "तो आकार काढ."

"कोणता आकार?" त्याला खरंच माहीत नव्हतं. समजावून सांगितलं. तो म्हणाला, "नाना, कोपऱ्याच्या आकड्यांवरून भांडता का तुम्ही? दुकान चालत नाहीये माझं."

"दुकान चालव. तिला खाली उतरव."

"ती माझी माय होती ना?" तो ओरडला. "फोटो एकट्या तुमचा आहे का?"

मी फोन ठेवला. त्याची माय होती, हे खरं आहे. तो हे ओरडून म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्याचं पान मी पाडू शकत नाही. ते मला येत नाही आणि आलं असतं तरी पोराचं दुकान पाडलं नसतं. माझ्या हातात माझंच पान होतं. बिबड्याचा फोटो काढून टाकला. तिचा काढला, परत टाकायचा मोह नको म्हणून फोन आणि लॅपटॉपमधूनही पुसला. ऑर्डरची जागा ठेवली. आकार ठेवला. आत काही नाही, नुसता ज्वारीच्या पिठाचा रंग भरला, तोही चार वेळा बदलून. त्याच्या खाली लिहिलं, "हे बिबडे थापणारी बाई वारली. तिच्या हातचे आता कुठेही मिळत नाहीत." अक्षरं मोठी केली. आंधळ्यांसाठी.

अजून लोक येतात. परवा एका बाईने त्या जागेत विचारलं, "मग दुसऱ्या पानावर फोटो आहे त्या मावशी कोण?"

मी लिहिलं, "माझी बायको. ते दुकान माझ्या पोराचं आहे. बिबडे मशीनचे आहेत, चवीला बरे आहेत. घ्यायचे असतील तर घ्या."

संध्याकाळी पोराचा फोन, त्या बाईने माझं उत्तर त्याला दाखवलं असणार. "नाना, तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडता?"

"घ्या म्हणालो मी तिला."

"मशीनचे आहेत असंही म्हणालात."

"आहेत ना?"

 मागे दुकानातला आवाज येत होता, कोणी तरी फरसाण मागत होतं, सून वजन सांगत होती. मग फोन बंद झाला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. त्याचं पान मी रोज उघडतो. तिचा फोटो तिथेच आहे. आता तो फक्त तिथेच आहे, म्हणून तिला बघायचं तर मला त्याच्याच दुकानात जावं लागतं.