रिळाला लावलेलं कुंकू

मी एकदा कॉम्प्युटरच्या टेपला हळदकुंकू वाहिलं होतं. मशीनच्या बाहेरच्या कपाटाला नव्हे, थेट रिळाच्या तपकिरी फितीला. विद्यापीठाचा सगळा निकाल त्या फितीवर होता आणि मी नवी नवी ऑपरेटर, दसऱ्याला नथ घालून मिरवत आलेली. काय तो माझा तोरा. मशीनने दोन गिरक्या घेतल्या आणि कुंकू खाऊन ते बंद पडलं.

हे आज आठवलं ते नातीने पाठवलेल्या फोटोमुळे. तिच्या ऑफिसात जुना डेटा अजून टेपवरच ठेवतात. मशीनला झेंडूची माळ, मागे सगळे पुरुष हाताची घडी घालून उभे आणि पूजेचं तबक कुणाच्या हातात, तर हिच्याच. माझं डोकंच फिरलं. पोरीला इंजिनिअर म्हणून घेतलंय की पूजाअर्चा करायला?

आमच्याही साहेबांनीच सांगितलं होतं, "पूजा तुम्ही करा, बाईच्या हातून शोभते." मशीन बंद पडल्यावर त्यांना यातलं काही आठवेना. फीत बिचारी वर्षानुवर्षं अंधारात पडून अक्षर न् अक्षर सांभाळते. साहेबांच्या डोक्यात सकाळचं बोलणं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं.

निकालाची दुसरी प्रत होती म्हणून मुलं वाचली. मला मशीनवर ठेवणार की टायपिंगला पाठवणार, हे विचारायला मी केबिनमध्ये गेले. साहेब मान वर न करता म्हणाले, "मशीन आता जोशी बघतील. तुम्ही पुढच्या दसऱ्याला नुसती रांगोळी काढा."