ॲरिझोना नाही म्हणाली

तनया आमच्याकडे म्युनिकला मागच्या खोलीत भाड्यानं राहते, चार वर्षं झाली. पीएचडी करते. विषय काय, तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळायला इतका उशीर का झाला! "अगं, साताऱ्याची पोर तू, तुला त्या न्यू मेक्सिकोचं काय पडलंय?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मग मेथी निवडता निवडता तिनं सगळं सांगितलं आणि मला चक्क आवडलं की.

१८५० पासून तो भाग नुसता टेरिटरी. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमायचे, संसदेत मत नाही. राज्य मागितलं की नवं कारण पुढं. तुमच्यात स्पॅनिश बोलणारेच फार. तुम्ही कॅथलिक. तुमची वस्ती विरळ. आतली भीती वेगळीच, नवे दोन सिनेटर कुठल्या पक्षाचे निघतील! बासष्ट वर्षं झुलवलं मेल्यांनी. १९०६ मध्ये तर म्हणाले, शेजारच्या ॲरिझोनाशी मिळून एकच राज्य व्हा. न्यू मेक्सिको तेही मान्य करून बसली. ॲरिझोना मात्र मतदान करून साफ नाही म्हणाली.

"मग ॲरिझोनाचं नुकसान झालं असेल?"

"कुठलं, नीताताई! १९१२ मध्ये दोघींना वेगवेगळं राज्य मिळालं."

आता एवढं कळणारी ही मुलगी, आणि स्वतः बघा. युनिव्हर्सिटीचं काँट्रॅक्ट सप्टेंबरात संपणार, इथं राहायची परवानगी त्याच्यावरच. थीसिस त्याआधी दिला नाही तर हात हलवत साताऱ्याला. आणि प्रोफेसर दर वर्षी एक प्रकरण वाढवणार. आधी रेल्वे, मग शाळा, आणि आता ॲरिझोना. "ताई, घराला बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं," म्हणायची. जेवताना घास हातातच राहायचा. मी म्हणायचे, "मग नाही सांग ना त्याला!"

"सरांना कसं नाही म्हणू?"

माझं डोकंच फिरायचं. शेवटी जूनमधल्या एका रविवारी मीच त्या सरांना जेवायला बोलावलं. क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्यासारख्या दह्याचं श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी.

माणूस साधा निघाला हो. बूट स्वतःच नीट लावून ठेवले. पाचव्या पुरीला "नाइन, डांके", म्हणजे नको, आभारी आहे, म्हणाला. मी वाढलीच. हसून खाल्ली. पुढची नेली तर ताटावर हात आडवा धरला. मग मात्र मला राहवेना. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "तुमचं पोट भरलं की तुम्ही ताटावर हात आडवा धरता. मग या पोरीला का वाढत सुटलाय? किती प्रकरणं लिहील ती?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "मी? मी तर फक्त विचारलं होतं, ॲरिझोनावर लिहायला आवडेल का? त्या म्हणाल्या, हो, आनंदानं. माझ्या मते थीसिस गेल्या उन्हाळ्यातच पुरेसा झाला होता."

तनयाचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्याकडे गाइडनं "कराल का?" विचारलं की ते करायचंच असतं. इथं तो नुसता प्रश्न होता. वर्ष गेलं बिचारीचं. मला तिला एक धपाटाही घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

प्रोफेसर म्हणाले, "ॲरिझोना काढायची असेल तर दुसऱ्या परीक्षकांशी मी उद्याच बोलतो, सप्टेंबरच्या आत होईल. ठेवायची असेल तर मुदतवाढ मागावी लागेल, आणि ती मिळेलच असं नाही. तनया, तुम्हाला काय हवंय?"

"जसं तुम्ही म्हणाल, सर."

"पण मी तुम्हाला विचारतोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. काढा म्हण गं बाई, एकदा तरी म्हण!

तनयानं ताटातलं श्रीखंड बोटानं एका कडेला केलं.

"दोन्ही चालेल, सर," ती म्हणाली.