नखाची डागडुजी

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा आमच्या घरातली मोडकी वस्तू दुरुस्तीसाठी कधी बाहेर जात नसे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीवरच्या खिडकीशी एक टेबल मांडलं आणि त्यावर छत्र्या, चष्मे, गजराची घड्याळं, दांडी तुटलेले कप असं सगळं येऊन पडू लागलं. आळीतले लोकही काहीबाही आणून ठेवायचे. मामंजी कोणाला नाही म्हणत नसत. मुळात ते फारसं काही म्हणतच नसत.

माझ्याशी तर ते थेट बोलतच नसत. मी समोर वाढत असले तरी सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, आमटी छान झालीय." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ती तिथेच उभी आहे, ऐकलंन् तिनं." त्यात राग नव्हता, लोभ नव्हता असंही नाही. सुनेशी कसं बोलायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही काय उत्तर द्यायचं ते सुचलं नसतं.

मी मॅट्रिक होते. आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की मी टायपिंग शिकावं. सासूबाईंचं म्हणणं, घरात काय कमी आहे म्हणून पोरीनं यंत्रं बडवायची? पण त्यांनी अडवलं मात्र नाही. मी रोज सकाळी स्वयंपाकाचं आवरून कल्याणला क्लासला जायला लागले. एका भुसारी दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो क्लास होता. खालून मिरच्यांचा खकाणा आला की वर सगळ्या मुली एकदम शिंकायच्या आणि सर म्हणायचे, "शिंका, पण बोटं थांबवू नका." मला ते सगळं फार आवडायचं. हात चालायला लागले की डोक्यात दुसरं काही उरत नसे. दिवाळीनंतर ठाण्याला सरकारी परीक्षा होती आणि माझा वेग चांगला आहे असं सरांनी सांगितलं होतं.

परीक्षा तोंडावर आलेली असताना एका सकाळी मी लोखंडी ट्रंकेतून रजया काढत होते. वरचं झाकण घसरलं, मी हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं नख कोयंड्यात अडकलं. नख टोकापासून मुळाशी असलेल्या पांढऱ्या चंद्रापर्यंत उभं चिरलं. रक्त अगदी थोडं आलं, पण कळ अशी गेली की मी ट्रंकेवरच बसकण मारली. सासूबाई धावत आल्या. त्यांनी बोट बघितलं, तोंडानं 'स्स' केलं आणि हळद आणायला गेल्या.

पुढच्या काही दिवसांत मला कळलं की दिवसभरात आपण तर्जनी कशाकशाला लावतो. केस विंचरताना केस त्या चिरेत अडकायचा. पातळ नेसताना निऱ्यांचा धागा अडकायचा आणि अर्धं नख त्याच्याबरोबर उचललं जायचं. कणीक मळायला डावा हात, नारळ खवायला डावा हात. सासूबाईंनी हळद आणि तेलाची चिंधी बांधली. शेजारच्या काकूंनी भाताचं पोटीस सांगितलं. भाजी घेऊन येणारी आगरी बाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "काय झाला गं बाय बोटाला? चुना न् गूळ लाव, बरा होल." सासूबाईंनी पोटीसही केलं आणि चुना-गूळही लावला. बोट बरं होईना, नुसतं रंग बदलत राहिलं.

क्लासमध्ये तर पंचाईत झाली. उजव्या तर्जनीच्या वाट्याला टाइपरायटरची बरीच अक्षरं येतात. जे, यू, एम, एन, एच, वाय. त्यांच्यावाचून इंग्रजीचं एक वाक्य पुरं होत नाही. मी ती मधल्या बोटानं मारून बघितली तर सगळा घोटाळा झाला. 'युवर्स फेथफुली' असं लिहायचं तिथं काहीतरी रशियन उमटलं. सरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला बसा. घाई काय आहे?"

मला घाई होती. पुढची खेप म्हणजे सहा महिने, आणि सहा महिन्यांत घरात काय काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. शेजारणी आत्तापासूनच माझ्याकडे बघून सासूबाईंना 'काही विशेष?' असं विचारायच्या.

शेवटी आम्ही आळीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिंधी सोडली, सगळे लेप धुऊन काढले आणि आधी आम्हा दोघींना चांगलं सुनावलं. मग म्हणाले, "पू झालेला नाही, हे नशीब. पण हे सारखं अडकत राहणार. नख काढून टाकू. काही महिन्यांत नवं येईल." मी हात मागे घेतला. सासूबाईही म्हणाल्या, "आज नको. घरी विचारते." दोघी घरी आलो आणि मी मागच्या दारी पायरीवर बसून रडले. दुखत होतं म्हणून रडले असं मी सगळ्यांना सांगितलं.

ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. "तिला म्हणावं, बोट दाखव."

मी जाऊन उभी राहिले. त्यांनी घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावलं आणि हात न लावता, माझ्या बोटाभोवती मान फिरवून फिरवून बघितलं. मग सासूबाईंना म्हणाले, "काढायचं काही कारण नाही. दोन्ही कडा शाबूत आहेत. वरून पट्टी बसवली तर नख वाढेपर्यंत धरून राहील."

"अहो, ते नख आहे," सासूबाई म्हणाल्या. "छत्रीची काडी नव्हे."

"काडीला दुखत नाही, एवढाच फरक."

पण ते स्वतःच्या हुशारीवर विसंबले नाहीत. टोपी घालून डॉक्टरांकडे गेले. तिथं काय बोलणं झालं कोण जाणे, पण तासाभरानं एक तपकिरी बाटली घेऊन परत आले. टिंक्चर बेंझॉइन. जखमेवर लावलं की वाळून चिकट पापुद्रा धरतं, आणि त्याला उदासारखा गोड वास येतो. डॉक्टर हसले म्हणे, पण नाही म्हणाले नाहीत. चीर आतून कोरडी झाल्याशिवाय लावायचं नाही, आणि बोट ठसठसलं किंवा लाल झालं तर त्याच पावली निघून यायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

मधले दिवस मी बोट कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून, टिपून, स्वच्छ कापडात ठेवत होते. तेवढ्या वेळात मामंजींनी स्वतःच्या अंगठ्यावर प्रयोग केला. नखावर सुती कापडाची पट्टी चिकटवली आणि तशीच आंघोळ केली. पट्टी सुटून पंच्याला चिकटली. मग पातळ कागद लावून बघितला. तो भाजी चिरताना गेला, कारण त्यांनी मुद्दाम सासूबाईंकडून विळी मागून घेऊन दुधी चिरला होता. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा विळीला हात लावलाय. तुझं नख आणखी चार दिवस बरं नाही झालं तर पोळ्याही लाटतील."

"रेशीम पाहिजे," मामंजी दुधीच्या फोडी ढकलत म्हणाले. "जुनं, विरलेलं. नवं ताठ असतं."

दुपारी सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या लग्नातल्या शेल्याचा तुकडा होता. शेला कधीचाच विरला होता, पण तो त्यांनी कोणाला दिला नव्हता, बोहारणीलाही नाही. आता त्यांनी स्वतः कात्री लावली होती. "घ्या," त्या म्हणाल्या. "आणि नीट करा. परत मागायचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं शिकलीस ते काय रजया काढायला?" त्यांच्या तोंडून हे येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन टेबलावर आल्यावर, मामंजींनी सासूबाईंकरवी मला समोर बसायला सांगितलं. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी टेबलावर पांढरा पंचा पसरला. त्यावर मी हात ठेवला. बराच वेळ ते काडीला कापूस गुंडाळत बसले, गुंडाळून झाला तरी गुंडाळत राहिले. मग एकदम, जसं काही पाण्यात उडी मारावी तसं, त्यांनी माझं बोट धरलं आणि म्हणाले, "दुखलं तर सांग."

सांग. मधे कोणी नव्हतं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

त्यांनी नखाचं टोक अगदी बारीक कापलं. बारीक पॉलिश पेपरनं कडा घासल्या, इतक्या हलक्या हातानं की गुदगुल्याच व्हाव्यात. दोन्ही बाजूंनी नख दाबून चीर मिटवली आणि वर रेशमाची तांदळाएवढी रुंद पट्टी आडवी ठेवली. तिच्यावर काडीनं औषध टेकवलं. एका जागी झोंबलं तेव्हा मी पाय आखडले, तर ते लगेच थांबले. एक थर वाळायला वेळ लागत होता आणि तोवर नख दाबून धरायचं होतं. गप्प किती बसणार?

"आमच्या ऑफिसात एक पारशी बाई होत्या," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "टायपिस्ट. त्यांचा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. त्या थांबल्या की आम्हाला वाटायचं, साहेब आला."

"साहेब रागीट होते?" मी विचारलं.

"छे, साहेबच त्यांना घाबरायचा. त्याच्या पत्रातल्या चुका त्या परस्पर सुधारायच्या." मग थोडं थांबून म्हणाले, "तुला किती वेग येतो?"

मी सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा थर लावला. तिसरा थर वाळेपर्यंत मी त्यांना टॅब आणि मार्जिन म्हणजे काय ते सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी मला आगगाडीच्या डब्याचा नकाशा कसा काढतात ते. उठताना त्यांनी बजावलं, "आजचा दिवस ओलं करू नकोस." त्या दिवशी भांडी सासूबाईंनी घासली.

पट्टी तपकिरी आणि कडक झाली. बोट सुंदर दिसत नव्हतं, पण पदर अडकेना. दोन दिवसांनी मी क्लासला गेले आणि भीतभीत 'जे' दाबला. थोडं दुखलं. चिरल्यासारखं नव्हे, ठणकल्यासारखं. तेवढं चालण्यासारखं होतं.

परीक्षेला ठाण्याला हे सोबत आले होते. क्लासची मशिनं आदल्या दिवशीच तिथल्या शाळेत पोचवली होती. वेगाचा उतारा सुरू झाला आणि अर्ध्यावर पट्टीची एक कड उचकटली. 'एन' मारला की ती कळांच्या दांड्यांमध्ये शिरू बघायची. क्षणभर हात थांबला. मग मी बोट तोंडात घातलं, ती कड दातानं तोडून टाकली आणि पुढं सुरू केलं. पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. बहुतेक त्यांना वाटलं, मी घाबरून नखं खातेय.

मी पास झाले. पहिली आले वगैरे काही नाही, पण बऱ्यापैकी मार्कांनी पास झाले. पुढच्या वर्षी ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. नख वाढत गेलं तशी पट्टी पुढे सरकत गेली आणि एक दिवस नख कापताना उरलेला तुकडा गळून पडला. तो कुठे गेला ते मी बघितलंही नाही.

नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी मामंजी कुठूनसा एक मोडका टाइपरायटर घेऊन आले. त्याचा रूळ निखळला होता आणि 'ई' अर्धवट उमटायचा. पावसाळाभर त्यांनी तो खोलून टेबलावर पसरला आणि पुन्हा जोडला. मग एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खुर्ची सरकवून म्हणाले, "बस. यावर बोटं कशी ठेवायची, तेवढं दाखव."

मी दाखवलं. त्यांनी कशीबशी आठ बोटं जागेवर ठेवली, आणि मी पाठ फिरवताच एकाच बोटानं सुरू केलं. स्टेशनच्या रस्त्यावर दिवे लावावेत, अमक्या विहिरीचा कठडा बांधावा, तमका नाला उपसावा, असे अर्ज ते रोज सकाळी टाइप करू लागले. चुका संध्याकाळी मी सुधारायची. त्यातला कठडा खरोखरच बांधला गेला. सासूबाई म्हणायच्या, आधी एकच बडवत होती, आता दोघं झाली. पण दुपारी टाइपरायटरवर घालायला खोळ त्यांनीच शिवली होती.