सातवी 'ब'चा शेवटचा तास

चंदीगडला मी एका शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी सातवीच्या दोन तुकड्या माझ्याकडे होत्या. 'अ'ला दुसरा तास, 'ब'ला शेवटचा. 'अ' हुशार आणि 'ब' कच्ची, हे पहिल्या चाचणीनंतरच मी ठरवून टाकलं होतं.

'ब'मधली एक मुलगी अपूर्णांकांत नेहमी अडायची. पालकसभेत मी तिच्या आईला म्हटलं, "इसको कोचिंग लगवा दीजिए." बाई मोहालीत नोकरी करायच्या. त्यांनी लगेच सेक्टर ३४ मध्ये क्लास लावला. त्यापायी मुलीची संध्याकाळची हॉकी सुटली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दिवाळीनंतर विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि वेळापत्रक फिरलं. आता 'ब' दुसऱ्या तासाला, 'अ' शेवटी. पंधरवड्यातच 'अ'ची मुलं जांभया देऊ लागली, साध्या वजाबाक्या चुकू लागली. डोक्यात हवा गेलीय असं वाटून मी त्यांना चांगलं झापलं. 'ब'मध्ये मात्र हात वर होऊ लागले. त्या मुलीने तर एकदा फळ्यावरची माझीच चूक दाखवली.

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "मुलं तीच, तूही तीच. मग बदललं काय?"

बदलला होता तो फक्त तास. शेवटच्या तासाला मीसुद्धा घड्याळाकडेच बघत शिकवत असे. वर्षानुवर्षं मी थकलेल्या मुलांना कच्ची म्हणत आले होते.

पुढच्या पालकसभेत तिची आई हसत आली. "कोचिंग का असर है जी, आपने सही कहा था."

मान डोलावणं सोपं होतं. पण मी म्हटलं, "नहीं जी. मुझसे गलती हुई. पीरियड का टाइम बदला है, बस."

"पक्का?"

"पक्का नहीं कह सकती. दो महीने छोड़कर देखिए."

मुलीने आईचा हात घट्ट धरला. क्लास सुटला, गुण जवळपास तेवढेच राहिले. हॉकीच्या संघात मात्र त्या वर्षी तिची निवड झाली नाही. मधले महिने सराव बुडाला होता. व्हरांड्यात तिने मला हे सहज सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता.

वेळापत्रक बदलून मागायला मुख्याध्यापिकांकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी टाळलं. दुसऱ्यांदा, दोन्ही तुकड्यांनी शेवटचा तास महिन्याआड वाटून घ्यावा, इतकं त्यांनी मान्य केलं.